आधी पडून दाखवा

मला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा ज्यांनी नापास केलं, त्या सरांच्या वर्गात मी एक दिवससुद्धा बसलेलो नाही. ते पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे आणि मी पुण्यात आलो तेव्हा निवृत्त होऊन बसले होते. मी अकोल्याचा. सॉफ्टवेअरची नोकरी लागली म्हणून पुण्याला आलो आणि कर्वेनगरला त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. म्हणजे आमचं नातं घरमालक आणि भाडेकरूचं. पण बाप्पा, त्या माणसाला शिकवायला समोर कुणीतरी लागायचंच, आणि त्यांच्या घरातून वर येणारा जिना माझ्याच दारात संपायचा. मी तिथे राहिलो तोवर तो जिना कधी रिकामा नसे.

सर कुणालाच नावाने हाक मारत नसत. माणूस जिथला, तेच त्याचं नाव. मी अकोला. दूधवाला वारजे. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो, त्या सातारा. लग्नाला जन्म लोटला तरी साताराच. हाक अशी तुसडी, पण पुढचं वाक्य मात्र अगदी अदबीचं. अकोला, आपण नळ नीट बंद करत नाही. अकोला, आपल्या आंघोळीचं पाणी गच्चीतून माझ्या तुळशीवर पडतं, तिला साबणाची सवय नाही. हे सगळं इतक्या शांत आवाजात चाले की आपल्याला झापलं हे मला निम्मा जिना उतरल्यावर कळायचं.

मला त्यांनी नापास केलं ते धरणाच्या पाण्यात. आता असा माणूस पाण्यावर काय करत होता, ते सांगायला हवं. खुली अर्थव्यवस्था आली तेव्हा लोकांच्या घरी नवे टीव्ही आले, वॉशिंग मशीन आली. सरांच्या घरी जर्मन आला. कुठल्याशा परदेशी कारखान्याचा इंजिनिअर, माझ्या आधी त्याच गच्चीवरच्या खोलीत राहिलेला. येताना तो विंडसर्फिंगचा बोर्ड घेऊन आला होता. म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक लांब फळी, तिच्यावर डोलकाठी आणि शीड. आपण फळीवर उभं राहायचं, शिडाला जोडलेला आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर आपण म्हणू तिकडे जायचं. पुण्याला समुद्र नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. काम संपल्यावर तो मायदेशी गेला आणि बोर्ड सरांच्या पोर्चमध्ये सोडून गेला. सोबत एक पिशवी होती, तीत जाड पट्टे, स्क्रू आणि वायसर होते.

बोर्डाच्या मागच्या अंगाला ओळीने भोकं होती. जन्मभर ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाला रिकामं भोक बघवत नाही. सर म्हणायचे, मला त्या खेळात काडीचा रस नव्हता, ती भोकं कशासाठी ठेवली आहेत एवढंच बघायचं होतं. ती पायांच्या पट्ट्यांसाठी होती. वारा वाढला की बोर्ड पाण्यावरून अक्षरशः पळत सुटतो आणि तेव्हा पाय पट्ट्यांत घातलेले नसले तर माणूस एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे जातो. सरांनी पट्टे बसवले, चांगले करकचून बसवले. मग बसवलेली वस्तू चालते का ते बघायला नको का, म्हणून बोर्ड गाडीच्या टपावर बांधून पानशेतच्या धरणावर नेला. उभे राहिले, थोडे पुढे गेले आणि पडले. पाय पट्ट्यातून सुटलाच नाही. घोट्याचं हाड मोडलं. काकूंनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला एक वाक्य तयारच ठेवलं होतं, की लोक निवृत्त होऊन काशीला जातात, आमचे हे प्लास्टरमध्ये गेले.

प्लास्टर निघालं तसे सर पुन्हा पानशेतला हजर. बनियन, खाकी अर्धी चड्डी, आणि चष्मा पायजम्याच्या नाडीने डोक्याला बांधलेला. त्या अवतारात त्यांनी तो खेळ शिकून घेतला. पानशेतला उन्हाळ्यात वारा दुपारी जेवणं झाल्यावर सुटतो, म्हणून सरांनी दुपारची झोप सोडली. पुण्यात वाढलेला माणूस आपण होऊन दुपारची झोप सोडतो, याची धास्ती काकूंनी घोट्यापेक्षा जास्त घेतली होती. मोडलेल्या घोट्यातून सरांनी एकच धडा घेतला आणि तो पुढे आम्हा सगळ्यांना पाठ करायला लावला: पट्टा बोर्डाला घट्ट हवा आणि पायाला सैल. धरणाऱ्या वस्तूचं अर्धं काम सोडण्याचं असतं, असं ते म्हणत. हे ते पट्ट्याबद्दलच म्हणत, त्यात काही तत्त्वज्ञान शोधू नये.

पुढे आमच्यासारखे आयटीवाले वाढले. कुणी अमेरिकेत प्रोजेक्टला जाऊन येताना बोर्ड आणू लागलं, कुणी मुंबईहून जुना उचलला. रविवारी पानशेतच्या काठावर आमची एक टोळी जमायला लागली. पट्टे बसवून घ्यायचे ते सरांकडूनच, हे न ठरवता ठरून गेलं, कारण नुसता बोर्ड कुणीही विकत घेतो, तो अंगाला लावून देणारा माणूस त्याच्यासोबत येत नाही. आणि सरांची अट एकच. तुमचा बोर्ड कितीही भारी असो, तुम्ही कुठल्याही कंपनीत कुणीही असा, आधी पडून दाखवा.

ती परीक्षा अशी. सर छातीभर पाण्यात बोर्ड धरून उभे राहत. आपण वर चढायचं, शीड उभं करायचं, दांडा धरायचा. पट्ट्याच्या जागी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधलेला असे, त्यात पाऊल घालायचं. मग सर गप्पा मारायला लागत. प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला: आई कशा आहेत? माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच सर खालून बोर्डाला असा हिसका देत की उत्तर पाण्यात जायचं. पडणार आहोत हे आधी ठाऊक असलं तर कुणीही छान पडतो, असं त्यांचं म्हणणं. हिसका बसल्यावर हात दांडा सोडतात का आणि पाऊल आपोआप बाहेर येतं का, एवढंच ते बघत. निकाल तोंडी आणि लगेच. नापास. पुढचा.

पडण्याच्या जाती त्यांनी लावून ठेवल्या होत्या. काही लोक पडतात, काही कोसळतात, काही घरंगळतात. मला एकदा सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "अकोला, आपण पडलात की सांडलात?" वर हेही ऐकवत, की हेच पाणी पुढे पुणेकरांच्या नळाला जातं, तेव्हा त्यात जरा नीट पडा. ते स्वतः पडायचे तेव्हा मात्र बघत राहावं. हात उघडायचे, पाऊल मोज्यातून निघाल्यासारखं अलगद बाहेर यायचं आणि सर पाठीवर पाण्यात. काठावर पिठलं-भाकरीची टपरी चालवणाऱ्या मावशी त्यांच्या पडण्यावर खूश होत्या. म्हणायच्या, "सर पडत्यात बगा, जनू गादीवरच." त्या हे सांगताना हातातली भाकरी थापायची थांबवायच्या.

मी कशात नापास व्हायचो, तर दांडा सोडण्यात. त्यात माझी काय चूक? आमच्याकडे पोहायला विहिरीत शिकवतात. विहिरीत ढकलून दिलं की हाताला जे लागेल ते धर, दोर धर, कपार धर, चुलत्याचा पाय धर, हेच आमचं शिक्षण. सर हिसका द्यायचे, बोर्ड जायचा, आणि मी शिडासकट, दांड्याला लटकलेला, तोंडावर आपटायचो. सर म्हणायचे, अहो तो सिटीबसचा दांडा नाही, सोडला तरी कंडक्टर ओरडणार नाही. मी मान डोलवायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा धरून ठेवायचो. आमच्यातले सगळे एकेक करून पास झाले. विश्रांतवाडीचा एक बँकवाला होता, पाण्याला इतका भ्यायचा की गोरामोरा व्हायचा, तोही पास झाला. मी तसाच राहिलो.

हाताने मात्र मी पास होतो, आणि त्यातच माझा घात झाला. सरांनी मला पट्टे बसवायला हाताखाली घेतलं. पट्टा आधी भिजवून घ्यायचा, कारण कोरडा पट्टा आणि ओला पट्टा यांचं माप एक नसतं. स्क्रूच्या आट्यांना साबण चोळायचा. पट्टा स्क्रूभोवती फिरू नये म्हणून खाली दाते असलेला वायसर घालायचा. स्क्रू हाताला दाब लागेपर्यंत फिरवायचा आणि थांबायचं. अजून अर्धा आटा मारायची हौस केली की आतलं प्लास्टिक झिजून भोक कायमचं बाद. मग माणसाचं पाऊल ओलं करून आत घालायचं. बोटं पलीकडून डोकावली पाहिजेत, पण पाऊल घोट्यापर्यंत आत जाता कामा नये. पाण्यातून एकदा फिरून आल्यावर स्क्रू पुन्हा तपासायचे. हे सगळं मी इतकं साफ करायला लागलो की सर शेवटी नुसते खुर्ची टाकून बसायचे. त्यांचा लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात द्यायचे आणि काम झालं की लगेच परत मागून घ्यायचे. सगळ्या पुण्याच्या पायांना मी पट्टे लावले आणि माझ्याच बोर्डाची भोकं उघडी होती.

एकदा माझंही डोकं फिरलं. मी गुपचूप माझ्या बोर्डाला पट्टे लावून आणले. सरांनी बोर्डाकडे नुसतं बघितलं. मी मावशींच्या टपरीवर पिठलं खायला बसलो, परत येऊन बघतो तर पट्टे नीट गुंडाळून माझ्या चपलांवर ठेवलेले आणि स्क्रू सरांच्या बनियनच्या गाठीत. मी चिडलो. म्हटलं, सर, बोर्ड माझा आहे. ते म्हणाले, बोर्ड आपलाच आहे, पण घोटा अकोल्यात बसलेल्या आईंचा आहे, त्यांना मी काय सांगू? ते स्क्रू त्यांनी कधी परत दिले नाहीत.

वाघोलीची गोष्ट सांगायलाच हवी. वाघोली म्हणजे तिकडे नवा फ्लॅट घेतलेले एक मॅनेजर. त्यांच्या कंपनीला नुकतं कसलंसं गुणवत्तेचं मोठं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि ते त्यांच्या अंगात आलं होतं. अमेरिकेहून आणलेला झुळझुळीत बोर्ड घेऊन आले आणि सरांची अट ऐकून हसले. म्हणाले, मी इथे पडायला आलेलो नाही. सरांनी विचारलं, मग पडायला कुठे जाणार आहात? झालं. वाघोलींनी पट्टे स्वतः घरी बसवले, बॅटरीवरच्या ड्रिलने, अगदी सीटबेल्टसारखे घट्ट. त्यांच्या डोक्यात घट्ट म्हणजे सुरक्षित. मला म्हणालेसुद्धा, सेफ्टी फर्स्ट, बॉस.

त्या रविवारी वारा चांगला होता. वाघोली निघाले, ऐटीत निघाले, आणि धरणाच्या मधोमध एका झोतात उलटे झाले. बोर्ड पालथा, शीड पाण्यावर आडवं आणि त्या सगळ्यातून पट्ट्यात अडकलेला एक पाय वर. काठावर आम्हा सगळ्यांची तारांबळ. सर मात्र डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून नीट बघत म्हणाले, "वाघोलीचा पाय दिसतोय. अकोला, बाकीची वाघोली घेऊन या." मी पोहत गेलो, टाच वर उचलून पाऊल सोडवलं आणि खोकणाऱ्या माणसाला काठाला आणलं. घोटा सुजला होता, मोडला नव्हता. पुढच्याच्या पुढच्या रविवारी वाघोली लंगडत आले, कुणाकडे न बघता पाण्यात उतरले आणि पडून दाखवलं. पहिल्याच खेपेला पास झाले, याचा मला आजही राग आहे.

सरांच्या पायाचं आधी लक्षात आलं ते माझ्या. एके दिवशी पानशेतहून निघताना ते टपरीवरून उठले आणि गाडीपर्यंत चालत आले, तर उजव्या पायात चप्पल नव्हती. चप्पल टपरीखालीच राहिली होती. वाट खडीची, ऊन रणरणतं, आणि सर माझ्याशी काहीतरी बोलत निवांत चालत होते. मी सांगितल्यावर त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले की विसरलो वाटतं. पण चप्पल माणूस घालायला विसरेल. पाय कसा विसरेल? त्यांना साखरेचा आजार होता हे मला माहीत होतं. तो पायापर्यंत पोचला होता हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे तळव्याला जखम झाली, तीही काकूंना फरशीवरच्या डागांवरून कळली. डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं. सरांनी आपल्या बोर्डाचे पट्टे काढून ठेवले आणि बोर्ड पोर्चमध्ये टांगला. तो सबंध हिवाळा त्यांनी मला नळावरून काही ऐकवलं नाही, आंघोळीच्या पाण्यावरून ऐकवलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट करमेना झालं. मी मुद्दाम नळ ठिबकत ठेवून बघितला, तरी जिना गप्पच.

जखम भरली आणि उन्हाळा आला. एका सकाळी सर जिना चढून वर आले, कठडा धरत, प्रत्येक पायरीकडे बघत. म्हणाले, एकदा जायचंय. रविवारी नको, सगळे असतात. मधल्या वारी जाऊ.

"पट्टे तुम्ही बसवा, अकोला. डोळ्यांनी बघून बसवा. माझा पाय हल्ली मला काही कळवत नाही."

मी पोर्चमध्ये बोर्ड उतरवून पट्टे बसवायला घेतले. सर पाऊल आत घालायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. सैल आहे का, घट्ट आहे का, हे मी त्यांना सांगायचं. ज्यांनी शेकडो पावलांची मापं घेतली, त्यांचं माप मी घेत होतो. मध्येच ते चष्म्याची नाडी आणायला आत गेले तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांचं ते ऐकणार नाहीत. माझं तर नाहीच नाही. स्वतःचा नियम तेवढा त्यांनी आजवर मोडलेला नाही. मी काय म्हणते ते येतंय ना लक्षात?" माझ्या लक्षात आलं. मी स्क्रूला साबण चोळत राहिलो.

पानशेतला त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं, फक्त मावशी होत्या. त्यांनी दोन भाकऱ्या जास्त थापते म्हणून सांगितलं. वारा अजून सुटायचा होता, पाण्यावर नुसती शिरशिरी होती. सरांनी चपला काठावर काढल्या, डॉक्टरांनी दिलेल्या मऊ चपला, आणि बोर्ड पाण्यात लोटला. मी त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मी बॉसशी भांडलोय, घरी लग्नावरून भांडलोय, पण ते वाक्य उच्चारायला मला जेवढं बळ लागलं तेवढं कशाला लागलं नाही.

"सर, आधी पडून दाखवा."

मला वाटलं आता माझा पार उद्धार होणार. पण ते म्हणाले, बरोबर आहे, आणि छातीभर पाण्यात आले. बोर्डावर चढले, शीड उभं केलं, दांडा धरला, खाली बघत बघत पावलं पट्ट्यांत घातली. तिथे उभे राहिल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, जाऊ दे, सोडून द्यावं यांना, जाऊ देत कुठे जायचं तिकडे. खरं सांगतो, ते पास व्हावेत असं मला माझ्या कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त वाटत होतं. पण परीक्षा ती परीक्षा. आई कशा आहेत, हे विचारून चालणार नव्हतं, तो प्रश्न त्यांचाच. म्हणून मी विचारलं की तुम्ही काकूंना पहिल्यांदा बघितलं ते साताऱ्यालाच का.

सर खुलले. सांगायला लागले, की मुलगी बघायला गेलो होतो, सगळे स्वयंपाक येतो का, गाणं येतं का विचारत होते. मी विचारलं, पट्टीशिवाय सरळ रेघ काढता येते का? तर ही मान वर न करता म्हणाली, आधी तुम्ही काढून दाखवा. एवढं बोलून सर हसायला लागले, अगदी मनापासून, आणि त्याच क्षणी मी खालून हिसका दिला.

हात सुटले. दांडा सुटला. डावं पाऊल बाहेर आलं. सर पाठीवर पाण्यात गेले, गादीवर पडल्यासारखेच. उजवं पाऊल पट्ट्यातच होतं. बोर्ड कलंडला तसा घोटा पिळवटायला लागला. मी झेप घालून बोर्ड दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचं पाऊल पकडलं. सर कोपरांनी पाणी मारत वर आले, तोंडावरचं पाणी निपटलं, चष्मा नाडीने गळ्यात लोंबत होता.

"सुटले ना दोन्ही?" त्यांनी विचारलं. आवाजात ऐट होती.

"सर," मी म्हणालो, "उजवा पाय माझ्या हातात आहे. अजून पट्ट्यातच आहे."

त्यांनी वळून बघितलं. मी त्यांचं पाऊल घट्ट धरलेलं होतं, माझी बोटं रुतली होती, आणि त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. मी टाच उचलून पाऊल सोडवलं. मला रडू येत होतं, आणि भिजलेल्या तोंडाचा तेवढा एक फायदा असतो. मग सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर्गात म्हणत असतील त्याच आवाजात म्हणाले, "नापास. पुढचा."

पुढचा कुणी नव्हता. काठावर मावशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला मानेने खूण केली. मी म्हटलं, सर, आज राहू दे. ते म्हणाले, अकोला, चढा.

मी त्यांच्या बोर्डावर चढलो. शीड उचललं, दांडा धरला, त्यांच्या पट्ट्यांत पाय घातले. आता वारा येऊ लागला होता. सर बोर्डाच्या शेपटाशी उभे. म्हणाले, आई कशा आहेत? मी दात आवळून तयार राहिलो. हिसका आलाच नाही. म्हणाले, विचारतोय मी. मग मी सांगितलं, गुडघे दुखतात. एवढंच? म्हटलं, एकटी असते. पुण्याला ये म्हटलं की म्हणते, तिथे कुणी ओळखीचं नाही, मी तुझ्या खोलीत बसून काय करू? मी दर फोनला तेच विचारतो आणि ती दर फोनला तेच सांगते, आणि आता मला कळत नाही की तिने यावं म्हणून विचारतो की तिने नाही म्हणावं म्हणून. हे मी कुणाशीच बोललो नव्हतो. बोलता बोलता सर आणि बोर्ड दोन्ही विसरलो, आणि तेव्हा हिसका बसला.

मी पाण्याखाली होतो तेव्हा माझे दोन्ही हात रिकामे होते. दोन्ही पाय माझेच होते. वर आलो तर बोर्ड हाकेच्या अंतरावर एकटाच डुलत होता.

"बरे पडलात," सर म्हणाले. आणि मग, "पास."

आम्ही काठावर येऊन बसलो. मावशींनी त्यांच्या चपला पायांपुढे आणून ठेवल्या, त्यांनी बघून पाय घातले. मग मला म्हणाले, की ते पट्टे एकेक भोक आत घ्या, आपलं पाऊल माझ्याहून लहान आहे. मी म्हटलं, सर, तो बोर्ड तुमचा आहे. ते म्हणाले, मला कळतं, पट्टे आत घ्या. मी त्यांच्यासमोर दोन्ही पट्ट्यांचे स्क्रू काढले, साबण चोळला, पट्टे माझ्या पायाला बसवले. या खेपेला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर परत मागितला नाही.

भाकऱ्या खाऊन झाल्या. वारा आता चांगला भरात आला होता. सर म्हणाले की जाऊन या, मी इथून बघतो. मी बोर्ड उचलला, तेवढ्यात ते दचकून म्हणाले, "अकोला, माझी उजवी चप्पल कुठे गेली बघा."

"पायातच आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी वाकून, हाताने चाचपून खात्री करून घेतली. मग मला पाण्याकडे बोट दाखवलं आणि चष्म्याची नाडी पुन्हा घट्ट बांधून बघायला बसले.